मोगरीची सात घरं

पैलां घर चुलीमागे, राख अजून ऊन-ऊन,
मांजरी नेता बाळ, मानेक दाती धरून…

सगुणाकाकीचा तो आवाज वैजूच्या कानात सत्तावीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा वैजू सहा वर्षांची. घरापुढच्या खळ्यात ऊन पसरलेलं, काकीच्या मांडीवर सूप, सुपात सुका जवळा, आणि पाखडण्याच्या तालावर ते गाणं. एकेका कडव्याला एकेक घर. कधी मांजरीचं नाव बदले, कधी घराचं, चाल मात्र तीच. सहा घरं झाली की काकी गप्प व्हायची.

"आणि सातवां, काकी?"

"तां मांजरीक ठावक."

"पण तुका ठावक आसा ना?"

"माका मांजर समाजलंस?" असं म्हणून काकी तिच्या गालाला जवळ्याचा खारट हात लावायची.

आज त्या आवाजाने पुन्हा डोकं वर काढलं ते भलत्याच जागी. जिल्ह्याच्या गावातल्या प्राणी-आरोग्य केंद्रात, थंडगार खोलीत, पोलादी टेबलासमोर. टेबलावर वाडापूर बंदरातून आलेली पाच मांजरं ओळीने निजवली होती. पाचही राखाडी, पाचांच्या छातीवर पांढरा ठिपका, पाचांची पोटं पखालीसारखी तट्ट. नऊ दिवसांत एकतीस. त्या बंदरात एकही वाचलं नव्हतं.

"पोटफुगीच आहे," वैजू म्हणाली. "पण जुनी नाही."

*

पोटफुगी हे नाव किनाऱ्यावरच्या बायकांनी ठेवलेलं. त्या रोगाचा विषाणू मांजरांच्या आतड्यात एरवी निरुपद्रवी भाडेकरूसारखा राहतो. एखाद्यातच तो बिघडतो आणि रक्तात शिरतो. मग पोटात पाणी धरतं आणि मांजर जातं. आठ वर्षांपूर्वी मात्र बिघडलेलाच विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जायला शिकला. औषध होतं, पण चौऱ्याऐंशी दिवस, रोज, न चुकता द्यावं लागे. धक्क्यावर हिंडणाऱ्या हजारो मांजरांना ते कोण पाजणार? दोन हंगामांत किनारा मांजरांवाचून ओकाबोका झाला आणि उंदरांचं राज्य आलं. त्यांनी जाळी कुरतडली, माडावरची शहाळी पोखरली, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप घराघरांत शिरला. सगुणाकाकीचा नवरा, वैजूचा दाजीकाका, त्या तापातच गेला. पाच दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि संपला.

त्याच वर्षी वैजू केंद्रात लागली. उंदरांवर तिने दात धरला होता.

केंद्राने शोधलेला उपाय खरोखर सुंदर होता. नव्या माणसांना वैजू तो असा समजावून सांगे: शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या दारात बारीक बारीक हात असतात. आत जे काही शिजतं, त्यातला एकेक घास हे हात दाराबाहेर धरून दाखवतात. रक्तातले पहारेकरी दारोदार फिरत असतात. घास घरचा असला तर ते पुढे जातात. परका, विषाणूचा असला, तर त्या पेशीला तिथेच संपवतात. पण हातांचे तळवे सारखे नसतात. कुणाच्या तळव्यात एक घास बसतो, कुणाच्या दुसरा. जो घास कुठल्याच तळव्यात बसत नाही तो दाखवला जात नाही, आणि पहारेकरी दारावरून निघून जातात.

हे तळवे आईबापांकडून येतात, अर्धे हिचे, अर्धे त्याचे. मांजरात त्यांचा मजकूर एका ठराविक गुणसूत्रावर लिहिलेला आहे. कधी काळी त्या गुणसूत्राचा एक भाग तुटून उलटा जोडला गेला, त्यामुळे मजकुराचं एक पान मधे आणि एक पार टोकाला गेलं. वैजूला ही गोष्ट फार आवडे. कुणीतरी गाणं लिहून ठेवलं, आणि त्याचं शेवटचं कडवं वहीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं.

पोटफुगीतून तरलेला एक बोका सापडला. त्याच्या तळव्यात विषाणूचा घास अगदी घट्ट बसत होता. केंद्राने त्याचेच तळवे शेकडो पिल्लांच्या जनुकांत लिहिले आणि बेचाळीस बंदरांत ती 'रक्षक' मांजरं वाटली. उंदीर हटले, ताप हटला. गावातल्या बायका त्या राखाडी मांजरांना 'सरकारी' म्हणत, कारण ती वेळेवर जेवत आणि हाक मारली की डोळे मिटत.

जुन्या रक्ताची भेसळ होऊ नये म्हणून उरलीसुरली गावठी मांजरं गोळा करायची होती. त्याची पाहणी वैजूने केली, अर्जही तिनेच लिहिला: 'आपल्या मालकीचं गावठी मांजर आहे का? होय / नाही.' पहिल्या फेरीत जी मिळाली ती मिळाली. त्यानंतर पाच वर्षं बेचाळीस बंदरांतून एकच उत्तर येत होतं. नाही.

*

"तळवे जुळवून बघितले," वैजूने डॉक्टर सबनीस बाईंच्या समोर हातातल्या टॅबचा पडदा धरला. हर्षदा सबनीस केंद्राच्या प्रमुख. बोलायला तुटक, पण कामाला प्रामाणिक. "विषाणूने फक्त तो एक घास बदललाय, मॅडम. रक्षकांच्या तळव्यात जो बसत होता, नेमका तोच. एकाच्या दारातून आत गेला की सगळ्यांच्या दारातून आत. कारण दार एकच आहे."

"आणि बदललेला घास कुणाच्या तळव्यात बसतो? जुन्या नोंदी चाळल्यास?"

वैजूचं बोट पडद्यावर क्षणभर अडखळलं. "एकाच मांजराच्या. नोंद सतरा. शिरवंडे बंदर. मादी, तांबूस-पांढरी."

"तुझं गाव ना ते? कुठे आहे ती?"

"गेली. सहा वर्षं झाली."

"नमुना?"

"फेकला गेला. नुसता मजकूर उरलाय."

"मग मजकूर पुरे आहे." सबनीस बाईंनी चष्मा काढला. "तोच तळवा नव्या पिल्लांत लिहू. सोमवारी मंजुरी घेते, तीन महिन्यांत दुसरी तुकडी तयार."

"पुन्हा एकच तळवा? सगळ्यांना?" वैजूचा आवाज चढला. "आज विषाणूने एक घास बदलला, उद्या दुसरा बदलेल. मॅडम, आपल्याला एक चांगलं मांजर नको आहे. वेगवेगळी मांजरं हवी आहेत. दहा मेली तरी दहा उरतील अशी."

"कुठून आणू? नकाशा बघ. गावठी मांजर, शून्य. तूच भरलायस तो नकाशा."

ते खरंच होतं. वैजूने त्या शून्यांवरून बोट फिरवलं.

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"शून्यातून काय आणणार आहेस?"

"ते शिरवंड्याला गेल्यावर कळेल."

*

शिरवंड्याला ती भर दुपारी पोचली. काकी खळ्यातच होती. सूप तेच, मांडी तीच, केस तेवढे जवळ्यासारखे पांढुरके झालेले.

"इलंस? जेवलंस काय?"

"वाटेत खाल्लं, काकी. तुम्ही कशा आहात?"

"तुमी?" काकीने सूप थांबवलं. "गो बाय, पगार वाढलो काय तुझो? पुस्तकातलां बोलणां थंय दाराबाहेर ठेव, चपलांच्या वांगडा."

वैजूला हसू आलं. पण केंद्रात लागल्यापासून तिच्या जिभेला ते वळण पडलं होतं. काकीशी बोलताना तर जास्तच. परक्या भाषेत काही गोष्टी लपवायला सोप्या जातात.

"मी माझ्या घरी उतरते. चावी द्या ना."

दोन घरं सोडून वैजूच्या आईबापांचं घर होतं. दोघं गेल्यापासून बंद. चावी काकीच्या कनवटीला.

"थंय कित्या? धूळ माजल्या. माझ्याकडेच नीज." काकीने पदर चावीवर ओढून घेतला.

वैजूने वाडापूरचं सांगितलं, एकतीस मांजरांचं सांगितलं. काकी ऐकत होती आणि पाखडत होती. "म्हणजे उंदीर परत येतले," ती एवढंच म्हणाली, आणि भिंतीवरच्या दाजीकाकाच्या फोटोकडे तिची नजर गेली नि परतली.

"म्हणून विचारते. इथे कुणाकडे गावठी मांजर आहे?"

"माझ्याकडे तां सरकारी. तां बग, निजलांहा."

तेवढ्यात खालच्या आळीची हमीदाचाची सूप मागायला आली. वैजूने तिलाही विचारलं.

"मालकीचां?" हमीदाचाची पदर तोंडाला लावून हसली. "नाय गो बाय. मालकीचां मांजर नाय आमच्या आळीत कुणाचां."

ती गेली. वैजूच्या कानात एक शब्द अडकला. तो शब्द चाचीने जिभेवर घोळवला होता, लिमलेटच्या गोळीसारखा. मालकीचां.

अर्जातला शब्द. वैजूनेच लिहिलेला. आणि या गावात मांजर कधीच कुणाच्या मालकीचं नसतं, हे तिला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते; तोवर ती कुणाचीच नसतात. सातव्या घरात डोळे उघडे ठेवून जे राहतं ते त्या घराचं होतं, माणसाचं नव्हे. पाच वर्षं पाहणीवाल्यांना बायकांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्नच खुळा होता, आणि प्रश्न विचारणारी त्यांच्यातलीच एक.

वैजू उठली आणि खालच्या आळीतून चालत गेली. पडवीत टांगलेल्या जाळ्यांना एकही भोक नव्हतं. सरकारी मांजरं तर उन्हात लोळत होती; मग उंदीर मारत होतं कोण? एका पायरीवर बांगड्याची डोकी पानावर मांडलेली होती आणि पान चाटून लख्ख केलेलं. परत आल्यावर तिने काकीच्या लुगड्याला चिकटलेला एक केस उचलला. केस तांबूस होता.

काकी पाठमोरी होती. हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हणत होती:

तिसरां घर हमीदाचां, खालच्या आळीच्या टोकाक,
भाव थंय रवलो तर, भैण जाता वरच्या वाडीक…

वैजूने ते शब्द पहिल्यांदाच नीट ऐकले. लहानपणी तिला हे गाणं म्हणजे अंगाई वाटायची. ही अंगाई नव्हती, वंशावळ होती. कुठल्या घरात कुठलं पिल्लू गेलं, कुणाचा भाऊ कुठे, बहीण कुठे, सगळं त्यात होतं. भाऊ खालच्या आळीत ठेवला तर बहीण वरच्या वाडीत द्यायची. एका रक्ताची दोन मांजरं एका आळीत नांदू द्यायची नाहीत.

"काकी, ही सोयरीक आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बायका मांजरांची सोयरीक जुळवता."

"मगे? माणसांची जुळवतत, ती नाय दिसणत तुका?" काकी वळली नाही. "एका घरातली पोरां एकमेकांका दिली तर पुढची रोगट होतत. आमच्या आवशीक ठावक होतां, तिच्या आवशीक ठावक होतां. तुमच्या केंद्राक आता कळलां?"

बेचाळीस बंदरांतल्या एकाही यंत्राने जे केलं नव्हतं ते या बायकांनी सुपाच्या तालावर केलं होतं. इथे प्रत्येक दारात वेगळे तळवे होते.

"मला त्यांचं रक्त हवंय, काकी. थेंबभर. शुक्रवारच्या आत."

काकी आता वळली.

"गेल्या टायमाक पण तुका थेंबभरच होया होता. पिंजरो घेवन इलंस. माझ्या तांबड्या मोगरीक न्हेलंस. मी तुझ्या हातात दिलंय तिका, माझ्या हातान. दोन दिसांनी फोन केलंस, 'काकी, मोगरीला पोटफुगी झाली होती, गेली.'" तिने सूप भिंतीला टेकवलं. "आता माका काय विचारतंस? मालकीचां नाय आमच्याकडे."

त्या संध्याकाळी वैजू गाण्यातल्या सहाही घरांत गेली. सहाही घरांत तिला चहा मिळाला, मांजर मिळालं नाही. बायका हसून बोलत होत्या आणि दारात उभ्या राहत होत्या, चौकटीला हात लावून. तिच्यापुढे तो हात कुणीच काढला नाही.

*

सकाळी सबनीस बाईंचा फोन आला. वाडापूरच्या पुढचं बंदरही रोगाने धरलं होतं. अकरा मांजरं. "शून्याचं काय झालं, वैजयंता?"

"शून्य नव्हतंच, मॅडम. प्रश्न चुकला होता."

"मग नमुने?"

"त्याआधी एक काम राहिलंय. सहा वर्षांपूर्वीचं."

तिने फोन बंद केला. रक्त घ्यायची पेटी पडवीत ठेवली, चपला दाराबाहेर काढल्या आणि काकीच्या समोर, सुपाच्या पलीकडे, मांडी घालून बसली. मनाशी तिने रात्रीच ठरवून टाकलं होतं. काकीने हाकलून दिलं तरी चालेल. ही गोष्ट आज पोटात ठेवून ती या खळ्यातून उठणार नव्हती.

"काकी, मोगरी आजारी नव्हती."

काकीचे हात चालूच राहिले.

"तिच्या पोटात विषाणू होता, पण तिला काहीच होत नव्हतं. अशा मांजरांना आम्ही वाहक म्हणायचो. वाहक ठेवायचे नाहीत असा…" जीभ अडली. ती भाषा इथे चालेना. वैजूने श्वास घेतला आणि जी भाषा याच खळ्यात शिकली होती तिच्यात उतरली. "मोगरीक कायेक झालां नव्हतां, काकी. धडधाकट होती. सगळ्यांत धडधाकट ताच मांजर. हुकूम होतो, पण हुकूम करणारो थंय नव्हतो. थंय मी होतंय. सुई माझ्या हातान दिलंय. आणि तुका फोन करून खोटां सांगितलंय."

सूप थांबलं. जवळ्याची बारीक धूळ उन्हात तरंगत राहिली.

काकीने विचारलं, "रडली?"

"नाय. माझ्या हाताचो वास घेतल्यान. तुझ्याकडे जवळो निवडलेलंय ना आदल्या दिवशी, तो वास होतो. हात चाटल्यान. मगे निजली."

काकीने पदराने तोंड पुसलं. मग उठली, आत गेली. भांडी उगाचच वाजली. वैजू हलली नाही. पडवीतलं राखाडी मांजर येऊन तिच्या गुडघ्याला अंग घासून गेलं, त्या बिचाऱ्याला स्वतःच्या दाराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

काकी परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज सुपाच्या काठासारखा.

"तुका माफ केलंय असां समजू नको."

"नाय समजणय."

"एक पिल्लू पिंजऱ्यात जाऊचां नाय. रक्त हयच घेवचां, माझ्या डोळ्यांसमोर."

"हयच घेतंय."

"आणि दुसऱ्या गावांत देवची झाली तर कुठलां खंय जातलां, तां आमी सांगतलंव. सोयरीक आमी जुळवतलंव. तुझां तां यंत्र नाय."

"यंत्र फक्त तळवे वाचतलां, काकी. कुणाचो घास कुणाच्या हातात बसता, तेवढांच. जुळवचां तुमी." वैजू सरसावून बसली. "मॅडमका मी सांगतंय. आयकलां नाय तर परत सांगतंय. सोमवारच्या कागदावर एकच तळवो जावचो नाय."

काकीने तिच्याकडे नीट पाहिलं, जवळ्यातून खडा निवडताना बघावं तसं.

"मोगरीक न्हेलंस तेव्हा ती विलेली, नऊ दिस झालेले," ती म्हणाली. "चार पिल्लां. डोळे उघडूक नव्हते. तुका सांगितलंय नाय. सांगितलंय असतां तर ती पण पिंजऱ्यात गेली असती. आवस नाय, मगे सात घरां कोण दाखवतला? आमीच दाखवली. पदराखाली धरून, एकेक. हमीदान दूध पाजल्यान, कापसाच्या वातीन."

वैजूने पडवीतल्या पेटीकडे पाहिलं.

"आता तेंची नातवंडां आसत. तांबडी, काळी, कबरी. एक धाकटी हुबेहूब मोगरी. येतत, जातत, वितत मात्र त्याच घरात. सहा घरांत शोधलंस ना काल? सहाच माहीत तुका. ल्हानपणी सातव्यासाठी माझो जीव खायस."

तिने कनवटीची गाठ सोडली. गाठीतून चावी निघाली, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. ती तिने वैजूच्या तळव्यावर ठेवली, वर आपला खारट हात दाबला, आणि सत्तावीस वर्षं अडवून धरलेलं, आता वैजूच्याच घरावर बेतलेलं कडवं, सूप हातात नव्हतं म्हणून गुडघ्यावर ताल धरत, म्हटलं:

सातवां घर कुलपाचां, चावी माझ्या कमराक,
धनीण गेली परगावा, मांजरां बसली उंबऱ्याक.